पेवात उतरणारा पहिला माणूस

अजूनही दुपारी डोळा लागला, की हळदीचा वास येतो आणि कृष्णाकाठची ती पेवं दिसतात. जमिनीत खोल खणलेली, वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड. सांगलीच्या व्यापाऱ्यांची हळद त्यांत महिनोन्‌महिने निजलेली असे. आम्ही बाया काठावर बसून हळद निवडायचो. धुळीनं पापण्या पिवळ्या व्हायच्या, आणि नदीवरचं धुकंही मला पिवळंच दिसायचं.

बंद पेवातली हवा माणसाचा जीव घेते. म्हणून आधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला नाही, तरच माणूस उतरायचा. लढाईच्या दिवसांत घासलेट मिळेना, तेव्हा आमच्या मुकादमानं, म्हणजे माझ्या सख्ख्या मामानं, कंदील खुंटीला टांगला आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या एका गड्याला पहिला उतरवायला लागला.

"त्यांची छाती लय दणकट. त्यास्नी काय हुत न्हाई," मामा म्हणायचा. आमचे गडी माना डोलवायचे. मामा दुष्ट नव्हता. त्याला ते खरंच वाटायचं. तो गडी वर आला, की नदीकडं तोंड करून खोकत बसायचा. त्याची बायकोही हळद निवडायला असे, आमच्यापासून चार हात लांब. तो वर येईपर्यंत तिचे हात थांबलेले असत.

पुढं तो पलटणीत भरती झाला. "पेवापरास लढाई बरी," म्हणाला म्हणे.

मग पेव उघडलं, तेव्हा मामानं आमच्या गड्यांकडं पाहिलं. कुणाला दमा आठवला, कुणाला कंबर. शेवटी पाळी मामाच्याच लेकावर आली. आपला तो बाब्या! मामी पदर खोचून घराकडं पळाली. बघता बघता घराघरांतून जपून ठेवलेल्या घासलेटच्या बाटल्या आल्या. कंदील खुंटीवरून उतरला, काच पुसली, वात लागली. मला आधी हसू आलं, मग रडूच फुटलं.

पलटणीत गेलेल्या त्या गड्याच्या बायकोनं मान वर केली नाही. हळद निवडता निवडताच तिनं विचारलं, "आवं मुकादम, घासलेट हुतं व्हय?"

दणकट छातीची गोष्ट मामाच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकली नाही. त्या दिवशी पेवाच्या तोंडाशी तो पेटता कंदील धरून कितीतरी वेळ उभा होता, आणि दोरी खाली सोडायला त्याचा हात काही केल्या होईना.