समोरच्या खुर्चीतले सासरे

परक्या माणसाच्या टेबलावर जाऊन बसण्याच्या बाबतीत माझ्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर सापडायचा नाही. नागपुरात सक्करदऱ्याला राहणारे, खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बॉयलरपाशी जन्म काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ सत्तरी ओलांडल्यावर पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात आमच्याकडे आले, ते काही समुद्र पाहायला नव्हे. सासूबाई गेल्या आणि यांचं जेवण सुटलं. मेसचा डबा यायचा, तसाच परत जायचा. डॉक्टरांना काही सापडेना. बायको नागपूरला गेली, बापाची मनगटं पाहून घाबरली आणि त्यांना सोबत घेऊनच परतली. इथंही तेच. अर्धी पोळी खाऊन ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "झालं माह्यं."

आम्ही स्वतःच त्या शहरात नवखे होतो. म्हणून दर शनिवारी नवं हॉटेल शोधायचं ठरवलं. मी फोनवर चांगल्या जागांची यादी केली होती, लोकांनी दिलेल्या ताऱ्यांसकट. ती सासऱ्यांनी पाहिली आणि फोन परत केला. "लोकाइनं जेवून तारे देल्ले, आपण काय उष्टे तारे खाचे काय?" त्यांची रीत वेगळी होती. हॉटेलच्या काचेला नाक लावून ते आत पाहायचे. कोणी एकटं जेवताना दिसलं की ते हॉटेल पसंत. मग आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दाखवून स्वतः त्या एकट्या माणसासमोरची खुर्ची ओढायचे. "एकटा माणूस जेवत नाही, जवाईबापू. निस्तं पोट भरते." पहिल्या दिवशी टाय लावलेले एक उंच म्हातारे गृहस्थ सूप पीत होते. त्यांना यांनी विचारलं, "बसू काय गा?" मी माफी मागायला उठेपर्यंत त्या गृहस्थांनी आपला ग्लास बाजूला घेतला होता. तासाभरात त्या गृहस्थांनी आपल्या नातवाचे फोटोही दाखवले. एक पोर्तुगीज बोलत होता, एक वऱ्हाडी, आणि दोघांनाही दुसऱ्याचं सगळं पटत होतं.

महिनाभरात ते दुपारचे एकटेही हिंडू लागले. मासळीबाजाराच्या बाजूला, जिथे फुटपाथवरच कोळशाच्या शेगड्या मांडून मासे भाजतात, तिथल्या प्रत्येक मालकाला त्यांनी जाळ कसा धरावा ते शिकवलं. "एवढा मोठा समुद्र, अन् माशावर मीठ वरून टाकून राहिले," ही त्यांची कायमची तक्रार. खिशात भिवापुरी तिखटाची डबी असायची. काळ्या कपड्यांतल्या एका विधवा आजीबाईंच्या बटाट्याच्या सूपमध्ये त्यांनी त्या डबीतलं चिमूटभर टाकलं. बाई सात वेळा शिंकल्या आणि त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. सगळ्या हॉटेलांत त्यांना मान होता. फक्त ते स्वतः खात नव्हते. मागवायचे, गप्पा मारायचे आणि आपली बशी समोरच्याकडे सरकवायचे, हे हॉटेलवाल्यांनीच मला सांगितलं होतं. रोज संध्याकाळी बायको विचारायची, "बाबा जेवले का?" मी 'हो' म्हणायचो. ते खोटं मला दिवसेंदिवस जड जाऊ लागलं होतं.

एका शनिवारी सकाळी फिरायला गेलेले सासरे दुपारचे चार वाजले तरी आले नाहीत. फोन लावला, तर तो त्यांच्याच खोलीत वाजला. आम्ही एकेक हॉटेल पालथं घातलं. सगळे त्यांना ओळखत होते, पण आज कोणी पाहिलं नव्हतं. वारा सुटला होता. बायको चालताना पुन्हा पुन्हा पाण्याकडे पाहत होती, आणि ती का पाहते आहे हे मला समजत होतं. शेवटी मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीतल्या एका लहानशा खानावळीच्या काचेतून त्यांची पाठ दिसली. समोर त्या काळ्या कपड्यांतल्या आजीबाई, आणि यांच्या बशीत बांगड्याचा नुसता सांगाडा उरलेला. दुसरा बांगडा अर्ध्यावर आला होता.

बायको दारातच चौकट धरून उभी राहिली. "बाबा, काहून असं करता? किती शोधलं आम्ही."

"जेवून राहिलो ना वं. थांब, काटा काढू दे." मग जरा ओशाळून माझ्याकडे वळले. "बाई चिडली माह्यावर. मी बशी सरकवली, तर तिनं आपलीबी सरकवली. तू नाही खात तं मीबी नाही खात, म्हणे. म्हंजे तसंच म्हटलं असन. भाषा नाही समजली, पण रागावणं घरच्यासारखं होतं."

आम्हीही बसलो, आणि सकाळपासून उपाशी असल्याचं तेव्हा ध्यानात आलं.

परतताना समुद्राकाठच्या रस्त्यावर सासरे मध्येच थांबले. मग म्हणाले, "माही शिफ्ट ड्यूटी होती, जवाईबापू. तुमच्या सासूनं तीस वर्षं मले वाढलं अन् मंग सैपाकघरात एकटी बसून खाल्लं. मी कधी तिच्यासमोर बसलो नाही. तिनंबी कधी म्हटलं नाही." बायकोनं त्यांचा हात धरला. घरापर्यंत तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खोलीतून बाहेर आले आणि स्वतःहून विचारलं, "नाश्त्याले काय हाय?" बायको ओट्याकडे तोंड करून पोहे भिजवत होती. "करते," एवढंच म्हणाली, आणि बराच वेळ तिनं मागे वळून पाहिलं नाही.