मोजकेराव आणि न विचारता बोलणारं यंत्र

भाजीत मीठ कमी पडलंय का, असं विचारलं तर ‘हो’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण ‘हो’ म्हणून, मीठ न मागता, तीच भाजी शांतपणे खाणारा माणूस मी एकच पाहिला. नाशकात गंगापूर रोडला माझी खानावळ होती तेव्हा मोबाइल कंपनीतले हे इंजिनीअर दोन्ही वेळ जेवायला यायचे. विचारलं तेवढंच बोलायचे, म्हणून जेवायला येणाऱ्या पोरांनी त्यांचं नाव मोजकेराव ठेवलं. त्यावरही ते काही बोलले नाहीत.

आणि मी ही अशी! बोलायला लागले की कढई करपते. एकदा विचारलं, “मोजकेराव, घरी कोण कोण असतं?” “आई.” “आणि?” “आईच.” पुढचं ऐकायला मी लाटणं हातात धरून उभी, आणि हे ताकाची वाटी तोंडाला लावून मोकळे. “अहो, माणसानं थोडं आपणहून बोलावं की!” तर म्हणाले, “ज्याला हवं तो विचारतो, काकू.”

त्याच सुमारास माझी येवल्याची भाची सुमन माझ्याकडे राहायला आली. तिला घोटीला दिली होती. नवरा हात उचलायचा. शेवटी ती निघून आली, एका दवाखान्यात नोकरी धरली आणि मोबाइलचा नंबरही बदलला. नवा नंबर फक्त दवाखान्याला आणि मला माहीत. आपला ठावठिकाणा नवऱ्याला लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

मोबाइलवर तेव्हा नुकतंच इंटरनेट दिसायला लागलं होतं. सुमननं त्यावर कायद्याचा सल्ला देणारं एक पान शोधलं. नाव नको, नंबर नको, नुसता प्रश्न विचारा, असं तिथं लिहिलेलं. तिनं घटस्फोटाचं विचारलं. दोन दिवसांनी फोन वाजला. पुरुषाचा आवाज. “मॅडम, घटस्फोटाचं तुम्हीच विचारलं होतं ना?”

सुमननं फोन कणकेच्या परातीत टाकला. माझ्याकडे बघून म्हणाली, “मावशी, दवाखाना सोडला तर नंबर तुलाच माहीत होता. तू कुठं बोलली तर नाय ना गं?”

काय सांगू! मी पोटतिडकीनं सांगितलं, नाही म्हणून. पण माझ्या तोंडाची कीर्ती येवल्यापर्यंत पोचलेली. तिला खरं वाटेना. “त्याला पत्ता लागला असंल. तो इथं यायच्या आत मी जाते,” म्हणून ती बॅग भरायला लागली.

मोजकेराव पानावर बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“प्रश्न मोबाइलवरूनच विचारलात?”

“हो.”

“सिम आमच्या कंपनीचं?”

“हो.”

“नंबर टाकला नव्हता, नक्की?”

“देवाशप्पथ नाय हो!”

“उद्या दुपारपर्यंत थांबाल?” एवढं म्हणून ते उठले. पानात भात तसाच. त्या माणसानं आजवर माझ्याकडे शीतसुद्धा टाकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आले ते उतरलेला चेहरा घेऊन. म्हणाले, “काकू, तुमचे डबे बाहेर जातात, त्यांना गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधता ना? आमचं एक यंत्र आहे, प्रॉक्सी म्हणतात. मोबाइलवर कुठलंही पान उघडा, मागणी आधी त्या यंत्रात येते आणि मग पुढे जाते. कुणी गाणं विकत घेतलं तर पैसे कुणाच्या बिलात लावायचे, हे कळावं म्हणून यंत्र त्या मागणीला गिऱ्हाइकाचा नंबर बांधून देतं. ज्यांच्याशी कंपनीचा करार, फक्त त्यांनाच द्यायचा. पण गाण्यांची नवनवी पानं रोज यायची. प्रत्येकाचं नाव कुठं घालत बसा, म्हणून नंबर सगळ्याच पानांना मोकळा केला.”

“कुणी केलं?”

“मी.”

हे स्वतः तोंड उघडायचे नाहीत, आणि त्यांचं यंत्र नाशकातल्या लेकीबाळींचे नंबर जगाला सांगत सुटलेलं! मला हसावं की रागवावं कळेना.

“मग आता?”

“सकाळी बंद केलं. साहेबांना सांगितलं.”

“काय म्हणाले साहेब?”

“बरंच.”

मग सुमनकडे वळून म्हणाले, “फोन त्या सल्ल्याच्या पानावरून आला होता. वकिलाचा माणूस, अशिलं शोधतो. मी बोललो त्याच्याशी. नंबर खोडायला लावला. घोटीत कुणाला काही माहीत नाही.” त्यांनी तिच्या मोबाइलवर स्वतःचं एक तपासणीचं पान उघडून दिलं. “काल इथं तुमचा नंबर दिसला असता. आता वाचा.”

सुमननं डोळे बारीक करून पाहिलं. “काहीच नाय.”

“पुन्हा उघडा.”

“रिकामंच हाय!” म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू एकदम फुटलं. रडता रडताच माझ्या गळ्यात पडली. “मावशी, तुझ्यावर आळ घेतला गं मी.” माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तुम्हाला सांगते, रिकाम्या जागेचा इतका आनंद मी जन्मात कधी पाहिला नव्हता. मोजकेरावांना ताजा भात वाढला. दोनदा घेतला त्यांनी.

पुढे त्यांची नागपूरला बदली झाली. साहेबांचा राग असेल किंवा नसेल, त्यांनी सांगितलं नाही. निघताना पाया पडले, “येतो” म्हणाले आणि गेले. नंतर गाठ नाही.

सुमन मात्र कुठंच गेली नाही. तिची सोडचिठ्ठी झाली, दवाखान्यात ती मोठी सिस्टर झाली, आता इथंच पलीकडच्या गल्लीत राहते. सुटीच्या दिवशी माझ्याकडे पोळ्या लाटायला येते. तिचा मोबाइल बाहेरच्या खोलीत वाजत असतो आणि ती तव्यापासून हलतसुद्धा नाही. तिथूनच ओरडते, “मावशी, घे गं तो फोन! कोणी का असंना, सांग मी घरीच हाय म्हणून.”