आईला गावाहून आणलं ती दुपार
ठाण्याला कोपरीत स्टेशनबाहेर एक बाई सुरंगीच्या फुलांचे वळेसर, आमच्याकडचे गजरे, घेऊन बसली होती. त्या वासाने मी थबकलो आणि आईला गावाहून परत आणलं ती दुपार आठवली. बाबा रिटायर झाल्यावर ठाण्यात भाड्याने राहणं परवडेना, म्हणून दोघं कोकणातल्या आमच्या घरी राहायला गेलेली. तिथे भाडं नव्हतं, विहिरीला गोड पाणी होतं, परसातली भाजी पुरून उरायची. फोनवर आईचा आवाजच खुललेला. पण वर्षभरात तिच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसचं मशीन पार जिल्ह्याच्या गावी, आणि आमच्याकडे एसटी यायची दिवसातून एकदा. शेवटी मीच जाऊन दोघांना घेऊन आलो. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत उतरल्यावर आई बाकावर टेकली, केसांत गावचा सुरंगीचा वळेसर तसाच होता. सुजलेल्या पायांत चप्पल शिरत नव्हती, बाबा खाली बसून ती घालू बघत होते. "माका थंयच रवाचा होता," आई त्यांना म्हणाली. "अगो, थंय जगतलंस कशी?" "वरीसभर जगलंय मा." बाबा चप्पल हातात धरून तसेच बसून राहिले. पुढच्या पावसाळ्यात आई माझ्या डोंबिवलीच्या घरात वारली, समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीकडे बघत. परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला, आपल्या तालुक्याला आता डायलिसिसचं मशीन बसलंय म्हणून. बाबा शेजारीच पेपर वाचत होते. "कुणाचा रे फोन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राँग नंबर.