ज्वारीतली सीडी
परवा अकोट रस्त्यावर ज्वारीत टांगलेली सीडी उन्हात चमकली आणि मला हसूच फुटलं. अकोल्यात आम्ही दोघं भाऊ कॉम्प्युटर जोडून विकायचो, तेव्हा अकोटच्या टायपिंगवाल्या काकूंचा फोन आला. "मशीन सुरूच नाई होऊन राह्यली! अर्जाची आज शेवटची तारीख, दारात रांग हाय!" मी म्हणालो, "आम्ही दिलेली दुरुस्तीची सीडी लावा." "थे त जवारीत टांगली, पाखरं हाकलाले!" भाऊ ओरडला, "चालू करताना एफ दहा दाबा!" सीडीतलं सगळं आम्ही त्यांच्याच मशीनमध्ये पहिल्यांदा हार्ड डिस्कच्या कोपऱ्यातही लपवून ठेवलं होतं; एफ दहा दाबलं की तिथूनच दुरुस्ती सुरू व्हायला हवी होती. अर्धा तास आम्ही फोनपाशी बसून होतो. "आलं रे पोट्टेहो, आलं!" मागून अख्खी रांग ओरडली, इकडे आम्ही टेबलावर चढून नाचलो. त्या दिवसापासून दुरुस्ती मशीनमध्येच ठेवायची ठरवलं आणि सीडी देणंच बंद केलं. काकू मात्र अजून भेटल्या की भांडतात, "काहून बंद केली बाप्पा? पाखरं कशाले भितीन आता?"