सगुण डायवरानं स्वतःसाठी निवडलेली गाडी

धारगळच्या वरच्या वाड्यावर कुणाच्या मनात गाडी घ्यायचं आलं, की तो आधी बँकेत जात नसे, सगुण डायवराच्या अंगणात येत असे. ओसरीवर बसायचा, सगुणच्या बायकोनं, देवकीनं, दिलेला चहा प्यायचा आणि हळूच विषय काढायचा. सगुण आधी नुसता ऐकून घ्यायचा. मग एकदम उलटतपासणी सुरू व्हायची. "घरात माणसां किती? गाडी खंय लावतलंस? बापाशीचे गुडघे कशे आसत? शेताक व्हरतलंस, काय फकत लग्नाक?" समोरचा गडबडून जायचा. आपण गाडीचं नाव विचारायला आलो, आणि हा घरातली दुखणी विचारत बसलाय!

पण निवड चुकायची नाही. रुद्रेश मास्तरांना जमिनीला टेकलेली चकचकीत गाडी हवी होती. सगुणनं त्यांना त्यांच्याच घराकडच्या रस्त्यातल्या उंच मोरीवर नेऊन उभं केलं आणि विचारलं, "हंयसून रोज पोट खरडत जातलास काय, मास्तर?" गोपाळ केळीवाल्याला त्यानं मागची सीट आडवी होणारी गाडी घ्यायला लावली. आता तिच्यातून आठवडाभर केळ्यांचे घड जातात आणि रविवारी सासू जाते. पडदे, कॅमेरे, पीं-पीं करणारी यंत्रं यांच्यावर सगुणचा भारी राग. त्यांना तो 'पिपाण्यो' म्हणायचा. "मान वळवूक येता मरे तुका? मगे पिपाणी कित्याक?" असं म्हणून त्यानं कित्येकांना खालच्या मॉडेलवर आणलं होतं.

हा मान फुकटचा नव्हता. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यानं डिचोलीच्या खाणींवर टिपर हाकला होता. भरलेला टिपर घेऊन कारापूरच्या रस्त्यानं खाली, रिकामा घेऊन वर. लाल धुळीत पुढचा माणूस दिसायचा नाही, आणि अरुंद पुलावर समोरून दुसरा टिपर आला की दोन्ही गाड्यांच्या मधून हातही जायचा नाही. एवढं असून सगुणच्या चाकाखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. हे तो स्वतः सांगत नसे, लोकच सांगत. पुढे खाणी बंद पडल्या तेव्हा त्यानं मोप्याच्या पठारावर विमानतळासाठी माती ओढली. विमानं उडायला लागली आणि सगुण घरी बसला. जन्मभर हातात दुसऱ्याचं स्टिअरिंग, आणि स्वतःची म्हणून काय, तर एक स्कूटर. तीही हल्ली गोठ्यात धूळ खात होती. "गुडघो दुखता," असं त्यानं सांगितलं आणि देवकीनं ते खरं मानलं. साठी उलटलेल्या माणसाचा गुडघा दुखतो म्हटल्यावर संशय कोण घेणार?

गाडीची गरज निघाली ती नातीमुळे. मुलगा गौरेश आणि सून हर्षा मस्कतला नोकरीला, आणि त्यांची ऋतिका अकरावीपासून आजी-आजोबांकडे. म्हापशाला कॉलेज, वर क्लास. येताना हमरस्त्यावर बसमधून उतरायचं आणि अंधारात कडेकडेनं वाड्यापर्यंत चालत यायचं. मागून विमानतळाच्या टॅक्सी सुसाट जातात. एकदा एका टॅक्सीचा आरसा तिच्या दप्तराला घासून गेला. पोरगी ते फोनवर बापाला हसत हसत सांगत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा फोन लावला. "बाबा, गाडी घेवन टाका. सोडूक-हाडूक तुमी आसात. तुमी चलयतलास म्हटल्यार माका चिंताच नाय."

सगुण त्या दिवसापासून तरंगतच होता. देवकीलाही आनंद झाला. त्या आनंदाचा तिला पुढे फार संताप आला.

शोरूम पर्वरीला. तिथला तुषार हा डिचोलीचा मुलगा, सगुणनं आणलेल्या गिऱ्हाइकांमुळे चांगला ओळखीचा झालेला. "काका, आज तुमची पाळी!" म्हणत त्यानं थंडगार लिंबूपाणी दिलं आणि सवयीनं साध्या गिअरच्या, भरपूर मायलेज देणाऱ्या गाडीकडे वळला. सगुण सगळ्यांना हीच घ्यायला लावायचा.

"ती नको," सगुण म्हणाला. "गिअराबगरची दाखय."

तुषारनं हसून देवकीकडे पाहिलं. तीही हसली. म्हातारपणी माणसाला आराम हवासा वाटतो, त्यात काय एवढं! सगुण एका उंच गाडीत चढून बसला, सीट आणखी वर घेतली, काचांवरून हात फिरवला. "जनेलां व्हडली आसत," असं समाधानानं म्हणाला. मग त्यानं पडद्याबद्दल विचारलं. तुषारनं दाखवलं. डावा इंडिकेटर दिला की डाव्या आरशाखालच्या कॅमेऱ्यातून त्या बाजूचं चित्र पडद्यावर येत होतं.

"परत दाखय."

तुषारनं परत दाखवलं.

"इंडिकेटर दिलो नाय तरी येता काय? सारखा चालू ऱ्हवता?"

"सारखा कशाला, काका? ते वळताना, पार्किंग करताना. तुम्हीच तर म्हणता, पिपाण्या!"

सगुण हसला नाही. "आनी कडेक कोण इलो तर आवाज करता मरे? डावेकडेन?" त्यानं हे पुन्हा विचारलं, आणि थोड्या वेळानं आणखी एकदा. देवकीच्या हातातला पेला आता तिला फारच थंड लागायला लागला होता. मोरी बघून, सासू बघून, बापाचे गुडघे बघून लोकांना गाडी निवडून देणारा हा माणूस. मग स्वतःसाठी निवडताना तो काय बघत होता?

गाडीतून उतरून तो तिच्याकडे यायला निघाला. वाटेत डाव्या हाताला बुटकं काचेचं मेज होतं, त्यावर कप मांडलेले. ते मेज उजेडात होतं, मधोमध होतं. सगुणची नडगी सरळ त्यावर आपटली, कप खाली पडला, फुटला. "मेज खंय ठेयतत हे!" असं तो तुषारवर खेकसला. तुषार बिचारा माफी मागायला लागला.

आणि देवकीला एकेक गोष्ट आठवू लागली. महिनाभर जेवताना सगुण कुरकुरत होता, "लोणचा वाढूक नाय?" आणि लोणचं तर ताटात डाव्या बाजूला, नेहमीच्या जागी, वाढलेलं असायचं. तिला वाटायचं, विसरतो. शेजारची शांता रागावून बसली होती. तिचं म्हणणं, आपण डावीकडून हात हलवला आणि सगुणभाऊंनी बघितलंसुद्धा नाही, गर्व चढलाय त्यांना. दाराच्या चौकटीला तो खांदा घासायचा तो नेहमी डावाच. आणि ती स्कूटर. गुडघा कधी दुखतच नव्हता.

तिथल्या तिथं बोलावं असं तिला फार वाटलं. पण तुषार समोर होता, आणखी दोन-चार गिऱ्हाइकं कौतुकानं बघत होती. सगुण डायवराला दिसत नाही, हे वाक्य एकदा तोंडातून सुटलं की ते धारगळला त्यांच्या आधी पोचलं असतं.  सगुणनं तीच उंच, गिअर नसलेली, डोळेवाली गाडी पक्की केली.

घरी आल्यावर ऋतिका आंघोळीला गेली तेवढ्यात देवकीनं विषय काढला. आडवळणानंच. "एकदा डोळे दाखवन येवया काय म्हापशाक? माजोय चष्मो बदलूचो आसा."

सगुणनं पेपर खाली ठेवला. "माज्या डोळ्यांक काय धाड भरली?"

"तसा नाय. डावेकडेन..."

"खाणीर धुळीत टिपर हाकललंय मी. तुका कळता काय डाव्या-उजव्यातला?" आवाज चढला होता, पण हात पेपराच्या घडीवरून उगाच फिरत होता. मग आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, "गौरेशाक कायेक सांगू नको गो." बस्स, एवढंच. म्हणजे त्याला माहीत होतं. किती दिवसांपासून, ते देव जाणे. देवकीला त्याची दया आली आणि त्याच दयेनं तिचं तोंड बंद केलं. गौरेशचा फोन यायचा, ती हवापाण्याचं बोलायची आणि फोन ऋतिकाच्या हातात द्यायची.

गाडी आली. वाडा लोटला. रुद्रेश मास्तर म्हणाले, डायवरानं स्वतःला घेतलेली गाडी म्हणजे परीक्षाच नको. चाकांखाली लिंबं ठेवली, हार घातला, देवळासमोर नेऊन उभी केली. भटजींना बाजूला सारून गावच्या मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, सगुणाची गाडी रस्त्याक लागता, तेच्या हाताक येस दी, पोराबाळांक सुखरूप घराक हाड!" सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" ऋतिका सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. देवकीचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. देवासमोर उभं राहून आपण काय लपवतोय, हे तिला लख्ख कळत होतं. सोमवारपासून पोरगी ह्या गाडीतून हमरस्त्यावर जाणार होती.

रविवारी दुपार कलल्यावर सगुण म्हणाला, "चला, मोप्याच्या सड्यार एक फेरी मारून येवया." ऋतिका उडी मारून मागे बसली. देवकी पुढे, त्याच्या डाव्या हाताला बसली.

वाड्यातून बाहेर पडेपर्यंत ती त्याच्या हातांकडे बघत होती. हात तेच जुने होते, यात शंका नाही. स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. पण कोंबडी दाणा टिपताना करते तशी मान तो मध्येच डावीकडे झटकायचा आणि पुन्हा समोर आणायचा. पहिल्याच वळणावर पाव विकणारा पोदेर सायकलवरून कडेनं चालला होता. गाडी त्याच्याकडे सरकत गेली. सरकतच गेली. "सायकल!" देवकी किंचाळली. सगुणनं गाडी उजवीकडे ओढली. पोदेरानं मागून आईबहिणीवरून उद्धार केला.

"माका दिसलो होतो तो," सगुण म्हणाला.

त्यानंतर देवकी बोलत राहिली. आपण बोलतोय हेही तिला उशिरा कळलं. कडेक बायल आसा. खांबो आसा. पोरां खेळतत. दर वेळी गाडी हळूच उजवीकडे व्हायची आणि दर वेळी तो म्हणायचा, "दिसली." "दिसलो." "दिसली गो, बडबडू नको." मागे ऋतिका कानात गाणी घालून मोबाइलवर फोटो काढत होती.

वर सड्यावर, त्या उघड्या पठारावर, रस्ता रिकामा होता. दोन्ही बाजूंना तांबडी माती, खुरटे काजू, लांबवर विमानतळाचं कुंपण. एक विमान पोट दाखवत अगदी खालून उतरलं, त्याच्या आवाजानं काचा थरथरल्या. मग सगळं चिडीचूप झालं. माणूस नाही, जनावर नाही. आणि देवकीच्या मनात एक विचार आला. तो येऊ नये म्हणून तिनं पदर मुठीत आवळून धरला, तरी तो आलाच. ऋतिकाचं डोकं तिला आरशात दिसत होतं.

"डावेकडेन म्हस इली," ती म्हणाली.

सगुणनं ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. ऋतिका पुढच्या सीटवर आदळली आणि तिनं कानातलं काढलं.

समोर मोकळा रस्ता होता. डावीकडे तांबडी माती होती.

"दिसली मगो," सगुण म्हणाला. "येवडी व्हडली म्हस. आंधळो नाय मी." आणि जनावराला घाई करायची नाही, हे पक्कं ठाऊक असलेल्या जुन्या डायवरासारखा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो थांबून राहिला. मग त्यानं विचारलं, "गेली?"

"आजी," मागून ऋतिका म्हणाली, "म्हस खंय आसा?"

देवकीला वाटलं, 'गेली' म्हणावं. एकच शब्द. गाडी चालू झाली असती, घरी गेले असते, उद्या सोमवार उजाडला असता. जन्मभर तिनं ह्या माणसाची लाज राखली होती, आणखी एकदा राखणं काहीच अवघड नव्हतं. तिनं सगुणकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. एसी चालू होता. तो समोर बघत होता आणि कान तिच्याकडे लागले होते.

"म्हस नव्हतीच," ती म्हणाली. "मी उगीच म्हटलंय."

 तिला वाटलं सगुण ओरडेल, हात उगारेल, गाडी भरधाव सोडेल. त्यातलं काहीच झालं नाही. त्यानं बटण दाबून इंजिन बंद केलं. हाराची फुलं बॉनेटवर वाऱ्यानं हलत होती. ऋतिका आजीकडून आजोबाकडे आणि आजोबाकडून आजीकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिलाही कळलं. उद्या आपण कशात बसणार होतो, तेही कळलं.

देवकीला रडू आवरेना. आपण बरोबर केलं हे तिला माहीत होतं, आणि आपण नवऱ्याला संपवलं असंही वाटत होतं.

सगुणनं दार उघडलं. गाडीच्या अंगाला हात लावत लावत, दिव्यापासून आरशापर्यंत, तो पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आला. मागचं दार त्याला लगेच सापडलं नाही, ऋतिकानं आतून उघडलं आणि सरकून जागा केली. तो तिच्या शेजारी बसला, गुडघ्यावर हात ठेवून, लग्नाच्या गाडीत कोपऱ्यात बसवलेल्या पाहुण्यासारखा.

ड्रायव्हरची सीट रिकामी होती. तिथं बसू शकेल असं गाडीत कुणीच नव्हतं. सड्यावरचा उजेड झपाट्यानं उतरत होता.

"चेडवा," सगुण नातीला म्हणाला, "फोन कर वाड्यार कोणाक तरी. गाडी घराक न्हेवक चलवणारो माणूस होयो म्हणून सांग."