सुरी न लागलेला केक

नातीच्या रिसेप्शनला मोठा केक ठेवायचा, असं नवऱ्या मुलाकडच्या पोरांनी ठरवलं होतं. नात म्हणाली, मोठा नको, मी कपकेक करते, ज्याचा त्याला वेगळा. मला वाटलं, हौस आहे. हौस नव्हती.

ती घरीच केक करून विकायची आणि लग्नानंतरही तिला तेच करायचं होतं. पण राजपुऱ्यातल्या तिच्या सासरी आजेसासूचा शब्द चालतो. तिने बोलणी चालू असतानाच सांगून टाकलं होतं, "ती केकची भट्टी माहेरीच राहू द्या. अंड्याचं काम आमच्यात चालत नाही." नवरा मुलगा चांगला आहे, पण आजीपुढे त्याचं तोंड उघडत नाही.

आजेसासूच्या थोरल्या नातवाच्या लग्नात त्यांनी मोठा केक आणला होता. नवरानवरीने एकमेकांना भरवला आणि त्याच बोटांनी पाहुण्यांनाही. आजेसासू उष्टं खात नाही. ती न जेवता उठून गेली. हे नातीने कुणाकडून तरी काढून घेतलं होतं.

रिसेप्शनच्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात फोपनारच्या केळ्यांचा वास भरला. अंड्याच्या जागी पिकलेलं केळं, बाकी कणीक, गूळ, तूप. पहिला घाणा निघाला तसा तिने एक कपकेक वाटीत ठेवला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि देवापुढे नेला.

"देवाला केक?" मी विचारलं.

"यात देवाला न चालणारं काय आहे, सांग."

"सोडा आहे."

"तो तुझ्या खमणातही असतो, आजी."

नैवेद्य तिने बाकीच्या कपकेकांत मिसळला.

संध्याकाळी फोटोवाला सुरी घेऊन केक शोधत हिंडत होता. नात शालू सावरत बशी घेऊन थेट आजेसासूपुढे गेली. "आजी, नैवेद्य दाखवलेला आहे. कुणी तोंड लावलेलं नाही."

आजेसासूने माझ्याकडे पाहिलं. "विहीणबाई, तुमच्यासमोर केलं का?"

"समोर बसून पाहिलं. अंडं नाही."

प्रसादाला नाही कसं म्हणणार? तिने तो कपाळाला लावला आणि कागदासकट चावा घेतला.

"कागद काढा, विहीणबाई," मी म्हटलं. " तो प्रसाद नाही."

तिने कागद काढला, सगळा खाल्ला आणि दुसरा उचलला. तो खाता खाता नातीला विचारलं, "केवढी असते गं तुझी भट्टी?"

नातीने हाताने माप दाखवलं.

"स्वयंपाकघरात नाही मावायची. मागच्या पडवीत ठेव. पण अंडं घरात आलं, तर भट्टी बाहेर जाईल."

"हो, आजी."

मला लग्नानंतर शिवणयंत्र ठेवायचं होतं. मी सासूशी वर्षभर भांडले आणि यंत्र माहेरीच गंजलं. ही भांडलीच नाही. पोरगी माझ्यापेक्षा हुशार निघाली.