लाल दिव्यापुढे विल्फ्रेड स्वॉरब्रिक

हे करुणाघना, तुला देवळात शोधावे तर तू रस्त्यात भेटतोस, आणि रस्त्यात शोधावे तर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभा असतोस. तुझ्या लीलेला प्रथम वंदन. त्यानंतर वंदन इंग्लंडातल्या प्रेस्टन गावच्या विल्फ्रेड स्वॉरब्रिक यांना, ज्यांनी हयातभर बस चालवली आणि वाटेत प्रत्येक चर्च आले की स्टीअरिंगवरचा एक हात उचलून छातीवर क्रूस रेखला. प्रवासी घाबरत. विल्फ्रेड त्यांना समजावीत, की हात एकच असला तरी गाडीवर लक्ष दोघांचे आहे.

लेक आणि जावई देवाघरी गेल्यापासून नात ॲग्नेस त्यांच्यापाशीच वाढत होती. आता तिला मोठ्या शाळेत घालायचे होते. फी भरणार होत्या विल्फ्रेडच्या थोरल्या भगिनी हिल्डाताई, आणि त्यांची अट एकच: शाळा अंतर्बाह्य कॅथलिक हवी. गावात तशी सापडली नाही, तर पोरीला दूर डोंगरातल्या निवासी कॉन्व्हेंटात धाडायचे. मग ती घरी यायची थेट नाताळात. विल्फ्रेडला हवी होती दिवसाची शाळा. सकाळी पोरीने दप्तर घेऊन जावे, संध्याकाळी थांब्यावर उतरावे, आणि ओव्हनमधल्या बटाट्या-कांद्याचा वास तिला दारातच सामोरा यावा, एवढेच त्यांचे मागणे. जपमाळेच्या मण्यामण्यावर ते हेच मागणे ओवीत होते.

पण हिल्डाताईंची कसोटी कडक. पहिल्या शाळेत संत जोसेफांच्या गळ्यात फुटबॉल संघाचा मफलर दिसला, शाळा नापास. दुसऱ्या शाळेत ऐन शुक्रवारी, मांस वर्ज्य असलेल्या वारी, सॉसेज तळले जात होते, तीही नापास. उरली ती नदीकाठची, जुन्या जोगिणींनी स्थापलेली, सरकारच्या ओंजळीने पाणी न पिणारी, पालकांच्या विश्वासावर उभी असलेली शेवटची शाळा.

पालकांना शाळा दाखवण्याच्या दिवशी हिल्डाताईंनी तिथल्या संतांच्या मूर्तींच्या पायांवरून बोट फिरवून धूळ तपासली. गणिताच्या वर्गात त्यांनी शिक्षकांना विचारले, की अपूर्णांकांचे रक्षक संत कोण. शिक्षकांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि सांगितले, की अपूर्णांकांना अजून तरी कुणी वाली नाही. “दिसतंच आहे ते,” हिल्डाताई म्हणाल्या, आणि विल्फ्रेडनी खिशातली जपमाळ चाचपली.

मग आला जिन्याखालचा अंधारा बोळ. बोळाच्या टोकाशी दार अर्धे उघडे होते, आणि आत एक लाल दिवा शांतपणे तेवत होता. चर्चमध्ये प्रभूच्या प्रसादापाशी असाच दिवा अहोरात्र जळतो. तो दिसला की या लोकांचा गुडघा मेंदूला न विचारताच वाकतो. विल्फ्रेडचाही वाकला. आणि क्लच दाबून दाबून झिजलेला तो गुडघा खाली गेला तो गेलाच, वर यायचे नाव घेईना.

भावाला पाहून हिल्डाताईंनी दोन्ही गुडघे टेकले. त्यांच्यामागे उरलेले पालक, लाटेमागे लाट यावी तसे. त्यांत एक शीख दंतवैद्य दांपत्य होते. त्यांनी आधी बूट काढले, मग माथा टेकला. मुख्याध्यापिका लोमॅक्सबाईंनी एकदा दिव्याकडे पाहिले, एकदा विल्फ्रेडच्या कळवळलेल्या चेहऱ्याकडे, आणि त्याही त्यांच्याशेजारी खाली बसल्या. हिल्डाताईंनी खणखणीत स्वरात संतांची नामावळी आरंभली. “आमच्यासाठी प्रार्थना करा,” अवघा बोळ म्हणू लागला. दातदुखीच्या संत अपोलोनियांचे नाव आले, तेव्हा दंतवैद्यांचा आवाज सर्वांच्या वर होता.

इतक्यात रिकामा ट्रे घेऊन स्वयंपाकीणबाई आल्या. “बाई, मासे काढायचे होते. थांबू का?”

“थांबा जरा,” लोमॅक्सबाई हळूच म्हणाल्या. “संत थोडेच उरलेत.”

ॲग्नेस आजोबांच्या कानाशी लागली. “आजोबा, हा डीप फ्रीजर आहे.”

ती कुजबूज नेमकी दोन संतांच्या मधल्या विरामात पडली आणि सर्वांना ऐकू गेली. विल्फ्रेडनी डोळे मिटले. त्यांना डोंगरातले कॉन्व्हेंट दिसले, त्याचे बंद होणारे फाटक दिसले. हिल्डाताई उठल्या. त्यांचे गाल दिव्याहून लाल झाले होते.

“तुम्हाला ठाऊक होतं?” त्यांनी लोमॅक्सबाईंना विचारले.

“होतं.”

“आणि तरी मासळीपुढे गुडघे टेकलेत?”

“मासळीपुढे नाही, ताई. तुमच्या भावाला उठता येत नव्हतं, ते मला दिसत होतं. माणूस असा एकटाच खाली राहिला, की सगळे त्याच्याकडे बघत बसतात. मला ते बरं वाटलं नाही.”

सज्जनहो, मूर्तींच्या पायांवर जे सापडले नव्हते, ते हिल्डाताईंना तिथे, गोठलेल्या माशांच्या दारात सापडले. त्यांनी भावाच्या एका काखेत हात घातला, दुसऱ्या काखेत लोमॅक्सबाईंनी.

“ऊठ, विल्फ. पोर इथेच शिकेल.”

“पण ताई, तो फ्रीजर...”

“मी टेकलेले गुडघे परत घेत नाही,” हिल्डाताई म्हणाल्या. “आणि आता बाजूला हो. त्या बाईंना मासे काढू दे.”

हे दीनदयाळा, विल्फ्रेडच्या गुडघ्याला तुझे बळ असो, ॲग्नेसच्या विद्येला तुझा आशीर्वाद असो, हिल्डाताईंचा स्वर असाच खणखणीत राहो. आणि रोज संध्याकाळी त्या घराचे दार उघडेल, तेव्हा आत कुणीतरी वाट पाहत असो.